त्या रात्रीचा बर्फ

भावाच्या लग्नाआधी आठ दिवस मी नाकाशेजारच्या घड्यांत फिलर भरून घेतलं. शहरातलं पार्लर होतं. सुई देणारीची पदवी मी विचारली नाही. सुई आत असतानाच डाव्या गालात जबर कळ आली. 'सगळ्यांना दुखतं,' असं म्हणून तिने मला घरी पाठवलं.

गावी, वांकिडीला, पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. कळ वाढतच होती, आणि ओठापासून नाकपुडीपर्यंत जांभळी जाळी उमटली होती. पार्लरला फोन केला तर उत्तर आलं, 'रक्त साकळलं असेल, बर्फ लावा.' मी रात्रभर लावला. फिलर रक्तवाहिनीत शिरलं की पुढच्या कातडीचं रक्त तुटतं, आणि बर्फाने वाहिन्या आणखी आकसतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पहाटे आई म्हणाली, "हा साधा काळानिळा डाग नाही गं." काकांच्या गाडीने लक्कडकोट, राजुरा करत चंद्रपूर गाठलं. त्वचेच्या डॉक्टरांनी बोटाने गाल दाबून सोडला. उजवीकडे दोन सेकंदांत लाली परतली, डावीकडे कातडी फिकीच राहिली. त्यांनी पहिला प्रश्न केला, भरलं काय होतं? माझ्याकडे ना खोका, ना चिठ्ठी. बहुतेक फिलर हायलुरोनिक आम्लाचं असतं आणि ते हायलुरोनिडेज या औषधाने विरघळतं. कॅल्शियमचं फिलर त्याने विरघळत नाही. मधमाशी चावून कधी त्रास झाला होता का, हेही विचारलं, कारण अशांना या औषधाची ॲलर्जी येऊ शकते. मग सुई टोचलेल्या जागीच नाही, तर फिक्या पडलेल्या सगळ्या भागात त्यांनी ते दिलं. तासाने तपासून पुन्हा, आणि पुन्हा. तिसऱ्या वेळेनंतर कळ उतरली. तरी नाकपुडीच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढी कातडी मेलीच. तो खड्डा कायमचा राहिला.

माझं तेवढ्यावर निभावलं. फिलर डोळ्याच्या वाहिनीत गेलं तर नजर तत्काळ जाते, आणि रक्त तुटलेला डोळ्याचा पडदा जेमतेम दीड तास तग धरतो. आमच्या गावाहून तेवढ्यात कुठलं मोठं इस्पितळ गाठणार?

म्हणून बायांनो, करायचंच असेल तर डॉक्टरकडेच करा, आणि हायलुरोनिडेज त्यांच्याकडे आत्ता आहे का ते सुई घेण्याआधी विचारा. फिलरच्या खोक्यावरची चिठ्ठी मागून घ्या. लांबून गेला असाल तर ती रात्र त्याच शहरात काढा. कातडी पांढरी पडली, जाळी दिसली किंवा कळ थांबेना, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच घटकेला निघा.