चीगोंग शिका, पण गोळी सोडू नका



"हातातून ऊर्जा सोडून आजार बरा करतो" असे व्हिडिओ हल्ली गटांच्या व्हॉट्सअॅपवर फिरतात. काहींत 'चीगोंग' हा चिनी शब्द असतो. "मॅडम, हे खरं का हो?" असं बैठकीत विचारलं जातं. म्हणून या वेळचा आरोग्यपाठ त्यावरच. यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते नीट पाहू.

चीगोंग म्हणजे काय?

'ची' म्हणजे श्वास, आणि शरीराला चालवणारी शक्ती. आपण 'प्राण' म्हणतो त्याच्या जवळचा हा शब्द. 'गोंग' म्हणजे सरावाने आलेलं कसब. सावकाश हालचाल, सावकाश श्वास आणि एका जागी ठेवलेलं मन, या तिन्हींचा एकत्र सराव म्हणजे चीगोंग. हालचाल कमी करून आतल्या कामावर भर दिला की त्याला 'नेइगोंग' म्हणतात. त्यात ध्यान बेंबीच्या थोडं खाली ठेवतात. त्या जागेला 'दानथ्येन' असं नाव आहे.

हे फार जुनं आहे. चीनच्या हूनान प्रांतात मावांगदुई इथे १९७३ साली एका थडग्यात रेशमी कापडावरचं चित्र सापडलं. थडगं इ.स.पू. १६८ चं. चित्रात ४४ जण व्यायाम करताना दिसतात, आणि त्यात बायकाही आहेत! पुढे बाराव्या शतकात ताओ धर्माच्या एका मोठ्या पंथाचे सात थोर शिष्य झाले. त्यांत सुन बुअर ही एकटी बाई होती. बायकांच्या साधनेची गुरू म्हणून तिचं नाव आजही घेतात.

दोन सोप्या हालचाली

'बादुआनजिन' नावाचा आठ हालचालींचा संच चीनमध्ये फार लोकप्रिय आहे. त्यातली पहिली आणि शेवटची शिकू.

१. *आभाळ पेलणं:* पाय खांद्याइतके लांब ठेवून उभ्या राहा. गुडघे ताठ नकोत. दोन्ही हातांची बोटं पोटासमोर एकमेकांत गुंतवा. श्वास घेत हात छातीपर्यंत आणा, तळवे फिरवून वर ढकला. मग श्वास सोडत हात दोन्ही बाजूंनी खाली आणा. असं सहा वेळा. दिवसभर वाकून खुरपणी केल्यावर किंवा शिलाई मशीनवर बसल्यावर पाठीला बरं वाटतं.

२. *टाचा उचलणं:* श्वास घेत टाचा वर, श्वास सोडत हळूच खाली. असं सात वेळा. तोल जात असेल तर भिंत धरा.

शेवटी दोन मिनिटं हात बेंबीखाली ठेवून शांत उभ्या राहा. सगळं मिळून दहा मिनिटं पुरतात. चटई नको, वेगळे कपडे नकोत. श्वास मात्र रोखून धरू नका. गरोदर ताईंनी, तसंच बीपी, चक्कर किंवा मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

इथे सावध राहा

असे सावकाश व्यायाम नियमित केले तर तोल सुधारायला आणि मन शांत व्हायला मदत होते. गुडघेदुखी, झोप, बीपी यांतही काहींना फायदा दिसला आहे. पण हा फायदा औषधाच्या सोबतीचा आहे, औषधाच्या जागी नाही. कुणाच्या हातातून ऊर्जा निघते आणि गाठ विरघळते, याला पुरावा नाही.

चीननेही हे भोगलंय. १९८० नंतर तिथे चीगोंगची लाटच आली. मोठमोठे 'गुरू' सभागृहं भरवून "इथूनच ऊर्जा पाठवतो" म्हणायचे. पुढे १९९० च्या दशकात सरकारने त्यांच्यावर बंधनं आणली. अति साधनेने काहींचं मन बिघडतं हेही तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं. भास होऊ लागले, झोप उडाली, तर साधना लगेच थांबवायची आणि डॉक्टरांकडे जायचं.

आपल्याकडे धोका असा की एखादी ताई बीपी-शुगरची गोळी बंद करते आणि शिबिराच्या फीसाठी गटातून कर्ज काढते. बीपी वाढलेलं बऱ्याचदा कळतही नाही, आणि कळतं तेव्हा झटका आलेला असतो. कर्जाचा हप्ता मात्र घरच्यांना भरावाच लागतो.

पुढच्या बैठकीत बोलूया

- आपल्या गटात कुणी रोजची गोळी मध्येच सोडली आहे का? का सोडली?
- आजारपणासाठी कर्ज मागितलं तर उपचार कुठला आणि कुणाकडे, हे गट विचारतो का?
- "औषध बंद करा" किंवा "घरी सांगू नका" असं कुणी म्हणालं, तर आशाताईंना कोण कळवेल?

बचतीचा हिशोब सुरू करण्याआधी सगळ्याजणी उभ्या राहून सहा वेळा आभाळ पेला. शिकायला फी नाही, आणि गोळी आपल्या वेळेवरच घ्यायची!