बिनतारी स्पर्धेचे केंद्र : आधी कान, मग वाणी

नभोवाणीवरील गाणी व बातम्या ऐकणारे लोक पुष्कळ आहेत. परंतु स्वतःच्या हाताने तार ताणून, त्या तारेच्या आधारे साता समुद्रांपलीकडील अपरिचित माणसाशी बोलणारे फार थोडे. ह्या थोड्या लोकांस हौशी बिनतारीवाले म्हणतात. 'हॅम' हा शब्दही त्यांच्यासाठी रूढ आहे. 'हौशी' ह्या शब्दावरून हा रिकामपणचा उद्योग असावा, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. मोबदला न घेता केवळ विद्येच्या प्रेमाने केलेले काम, एवढाच त्याचा अर्थ. ह्या मंडळींत दरवर्षी स्पर्धा होतात. अशा स्पर्धेसाठी वर्धा जिल्ह्यात केंद्र उभारावयाचे झाल्यास काय काय करावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात योजिला आहे. गेल्या ऑक्टोबरात आम्ही काही शिक्षक व विद्यार्थी एका परवानाधारक स्नेह्यांच्या शेतावरील केंद्रात नोंदवही लिहिण्यास बसलो होतो. तेथे जे शिकलो व जेथे चुकलो, तेच येथे सांगणार आहोत.

१. पूर्ववृत्त

ही विद्या महाराष्ट्रास नवी नव्हे. १९२७ साली हिंदुस्थान व इंग्लंड ह्यांच्यामध्ये लघुलहरींची बिनतारी सेवा सुरू झाली, तेव्हा तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे व ग्रहण केंद्र दौंड येथे उभारण्यात आले होते. बोलणारे यंत्र एकीकडे आणि ऐकणारे यंत्र पुष्कळ अंतरावर दुसरीकडे, अशी ही रचना होती. कारण बोलणाऱ्याच्या गोंगाटात ऐकणाऱ्याचा कान बधिर होऊ नये. शिवाय लहरी चहूकडे न उधळता तारांच्या विशिष्ट मांडणीने एकाच दिशेस रोखल्या जात. स्पर्धेच्या केंद्राची दोन मूलतत्त्वे, म्हणजे दिशा साधणे व कान जपणे, ह्या जुन्या उदाहरणात स्पष्ट दिसतात.

आमच्या जिल्ह्याचाही एक धागा येथे गुंतलेला आहे. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेसच्या कार्यकारिणीने वर्धा येथे 'भारत छोडो'चा ठराव केला. ऑगस्टमध्ये मुंबईस पुढारी पकडले गेले, तेव्हा उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी तो पकडीपर्यंत ठरावामागील विचार लोकांच्या कानी पडत राहिला. त्याची लहर ४२.३४ मीटरांची होती. आज हौशी लोक ज्यास 'चाळीस मीटरांची पट्टी' म्हणतात, तिच्यातच ही लहर पडते. सूर्यास्तानंतर ह्या पट्टीवर कान लाविला म्हणजे दूरदूरचे आवाज कसे उमटू लागतात, हे एकदा तरी अनुभवावे.

२. स्पर्धेचे स्वरूप

हौशी मंडळींच्या स्पर्धा अनेक आहेत. त्यांपैकी १९४८ पासून चालत आलेली 'सी क्यू वर्ल्ड वाइड' ही विशेष प्रसिद्ध होय. संभाषणाची स्पर्धा ऑक्टोबरच्या व मोर्स संकेतांची नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी होते. जागतिक वेळेनुसार ती शनिवारच्या आरंभी सुरू होऊन अठ्ठेचाळीस तास चालते. म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचपासून सोमवारी पहाटे साडेपाचपर्यंत. १६०, ८०, ४०, २०, १५ व १० मीटर ह्या सहा पट्ट्यांवर जितक्या केंद्रांशी भेट होईल तितकी साधावयाची. प्रत्येक भेटीत आवाजाची प्रत व आपल्या विभागाचा क्रमांक परस्परांस सांगावयाचा. ह्या स्पर्धेने जगाचे चाळीस विभाग केले असून वर्धा बाविसाव्यात येते.

गुणांची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. दुसऱ्या खंडातील केंद्रास तीन गुण, आपल्याच खंडातील दुसऱ्या देशास एक गुण, आणि स्वदेशातील केंद्रास शून्य. ह्या बेरजेस, प्रत्येक पट्टीवर भेटलेले देश व विभाग ह्यांच्या एकूण संख्येने गुणावयाचे. समजा, दोनशे भेटी झाल्या व त्या साऱ्या परखंडांतील होत्या. म्हणजे ६०० गुण. देश व विभाग मिळून ८० झाले, तर एकूण ४८,०००. आता आणखी वीस भेटी जुन्याच देशांत केल्या, तर ६६० गुणिले ८०, म्हणजे ५२,८००. परंतु त्याच वीस भेटींतून प्रत्येकी एक नवा देश मिळाला, तर ६६० गुणिले १००, म्हणजे ६६,०००. श्रम तेवढेच, फळ मात्र वेगळे. यास्तव क्षीण आवाजाचे दुर्मिळ केंद्र शोधून काढणारा कान हाच स्पर्धेतील खरा धनी होय.

३. परवाना

परवान्यावाचून प्रक्षेपक चालविणे हा गुन्हा आहे. परवान्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते. तीत विजेची मूलतत्त्वे व बिनतारीचे नियम विचारतात. वरच्या श्रेणीस मोर्स संकेतही यावे लागतात. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलासही ही परीक्षा देता येते, हे आमच्या वाचकांनी विसरू नये. उत्तीर्ण झालेल्यास परवान्याबरोबर 'व्हीयू' ह्या अक्षरांनी आरंभ होणारे नाव मिळते. आमच्यापैकी कोणाजवळ परवाना नव्हता. म्हणून बोलण्याचे काम सर्वस्वी स्नेह्यांनीच केले. आम्ही केवळ लिहिणारे होतो, आणि लिहिणारे निराळे असल्याने आमची नोंद 'अनेक चालकांचे केंद्र' ह्या वर्गात पाठविण्यात आली.

४. आकाशतार

नवशिक्यास वाटते की, यंत्राची शक्ती वाढविली म्हणजे काम झाले. वस्तुतः शक्ती चौपट केली, १०० वॅटची ४०० केली, तरी ऐकणाऱ्याच्या यंत्रावरील मापात सुमारे एकाच अंशाची वाढ होते. शिवाय वाढीव शक्तीने आपणांस तिळमात्र अधिक ऐकू येत नाही. उलट उंचावर, नीट दिशेस बांधलेली तार बोलण्यास व ऐकण्यास दोहोंसही उपयोगी पडते. म्हणून पैसा थोडा असेल तर तो आधी तारेवर खर्चावा.

सर्वांत सोपी आकाशतार म्हणजे मध्यभागी तोडलेली अर्धलहरी तार. तिची लांबी काढण्यास १४३ ह्या संख्येस मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागावे. १४.२ मेगाहर्ट्झसाठी सुमारे १०.१ मीटर, ७.१ साठी सुमारे २०.१ मीटर, आणि २१.२ साठी सुमारे ६.७ मीटर येतात. प्रथम तार वीतभर अधिक ठेवावी व मापून मापून कापावी. कापलेली तार पुन्हा वाढत नाही. उंची निदान अर्ध्या लहरीइतकी, म्हणजे वीस मीटरच्या पट्टीसाठी दहा मीटर, असावी. अशा तारेचा जोर तिच्या दोन्ही कुशींकडे असतो, टोकांकडे नसतो. वर्ध्याहून युरोप वायव्येस पडतो. म्हणून तार ईशान्य-नैर्ऋत्य ताणली की एक कूस युरोपकडे व दुसरी ऑस्ट्रेलियाकडे वळते. ही दोन्ही परखंडे असल्याने प्रत्येक भेटीस तीन गुण मिळतात. जपान आशियातच असल्याने तेथील भेटीस एकच.

खांबासाठी लांब, सरळ बांबू चालतात. परंतु येथे आपल्या काळ्या मातीचा स्वभाव ओळखला पाहिजे. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर विसंबून रोवलेला खांब एका वर्षात कलतो. खड्डा खाली मुरूम लागेपर्यंत खणावा व खांबास तिन्ही बाजूंनी ताण द्यावे. वीजवाहक तारांच्या आसपास खांब कदापि उभारू नये. मेघगर्जना ऐकू येताच आकाशतार यंत्रापासून सोडवून बाहेर टाकावी. ह्यात आळस केल्यास यंत्रच नव्हे, तर जीवही गमवावा लागेल.

५. गोंगाटाचा शोध

आता आमच्या फजितीची हकीकत सांगतो. स्पर्धेच्या आदल्या सायंकाळी यंत्र लाविले, तो साऱ्या पट्ट्यांवर घरघर ऐकू येऊ लागली आणि तिच्यावर घड्याळासारखी टक्‌ टक्‌. आम्ही लागलीच जुन्या यंत्रास दोष दिला. स्नेही मात्र काही न बोलता उठले. त्यांनी यंत्र बारा व्होल्टच्या बॅटरीवर घेतले व घराचा मुख्य खटका बंद केला. घरघर तत्काळ थांबली. मग एकेक दिवा, एकेक चार्जर लावून पाहता असे आढळले की, ज्या दिव्याच्या उजेडात बसून आम्ही यंत्रास नावे ठेवीत होतो, तोच एल.ई.डी. दिवा अपराधी होता!

टक्‌ टक्‌ मात्र राहिलीच. हातात लहान ट्रान्झिस्टर घेऊन आम्ही अंधारात बांधाने निघालो. जसजसे शेजारच्या शेताकडे जावे तसतसा आवाज वाढे. रानडुकरे व रोही पिकात शिरू नयेत म्हणून तेथे झटका यंत्राचे कुंपण घातले होते. एके ठिकाणी वाढलेले गवत तारेस टेकले होते व दर ठोक्यास तेथे बारीक ठिणगी उडत होती. शेतमालक काकांस बोलावून दाखविले. त्यांनी यंत्र बंद करून गवत कापले, तडकलेला विद्युतरोधक बदलला, आणि म्हणाले की, चार दिवसांपासून डुकरे त्याच बाजूने येत होती. झटका का लागत नाही हे त्यांस उमजत नव्हते. आमचा गोंगाट थांबला व त्यांची तूर राखली गेली. लक्षपूर्वक ऐकणे हे शेजाऱ्याच्याही उपयोगी पडते, हा पाठ आम्हांस त्या रात्री मिळाला.

६. वेळेचा विचार

पृथ्वीभोवती उंचावर विद्युन्मय झालेल्या वायूचे थर आहेत. त्यांपैकी वरचा थर लघुलहरी परत खाली वळवितो, म्हणूनच त्या हजारो मैल जातात. खालचा एक थर दिवसा लांब लहरी शोषून घेतो व रात्री नाहीसा होतो. म्हणून दिवसा १०, १५ व २० मीटर, आणि रात्री ४०, ८० व १६० मीटर ही सामान्य वाटणी होय. आमच्या अनुभवास असे आले की, सकाळी पूर्वेकडील केंद्रे, दुपारनंतर युरोप व आफ्रिका, आणि सूर्यास्ताच्या सुमारास चाळीस मीटर, असा क्रम साधतो. सूर्यावरील डाग सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात व घटतात; २०२४ च्या सुमारास ते पुष्कळ वाढले होते, तेव्हा दहा मीटरची पट्टीही खुलली होती. डाग ओसरले की हीच पट्टी दिवसचे दिवस मुकी राहते.

अठ्ठेचाळीस तास कोणास अखंड जागता येत नाही. निद्रा, भोजन व विसावा ह्यांचे कोष्टक आधीच आखावे. भारनियमनाची वेळ गृहीत धरून बॅटऱ्या भरून ठेवाव्यात. १०० वॅटचे यंत्र बोलताना सुमारे वीस अँपिअर प्रवाह घेते.

७. नोंदवही

रविवारी पहाटे एक अत्यंत क्षीण आवाज आला. नाव पुरते ऐकू येईना; शेवटचे अक्षर तीनदा विचारूनही लहरींत बुडून गेले. तो देश आम्हांस नवा होता. आमच्यातील एका विद्यार्थ्याने अंदाजाने अक्षर लिहिले. स्नेह्यांनी विचारले, "हे ऐकले की योजिले?" विद्यार्थी गप्प राहिला. स्नेह्यांनी ती ओळ त्याच्याच हातून खोडविली. चुकीचे नाव लिहिल्यास नोंदी पडताळताना ती भेट रद्द होऊन वर दंडही बसतो, हे खरे. परंतु त्यांनी नियमाचा उल्लेख केला नाही. ते एवढेच म्हणाले की, एखादे दिवशी हेच अक्षर कोणाच्या औषधाचे किंवा गावाचे नाव असेल.

त्या वाक्याचा अर्थ इतिहासाने सिद्ध केलेला आहे. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ ह्या संस्थेच्या भारती प्रसाद सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअर येथे केंद्र चालवीत होत्या. अंदमान हे बिनतारी जगात स्वतंत्र व दुर्मिळ स्थान असल्याने जगभरचे हौशी लोक त्यांच्याशी भेट साधण्यास धडपडत होते. २६ तारखेस त्सुनामी आली व दळणवळण तुटले. तेव्हा गुण व भेटी बाजूस सारून ह्याच मंडळींनी त्याच यंत्रांवरून आपद्ग्रस्तांचे निरोप मुख्य भूमीस पोचविले. २००१ च्या भूजच्या भूकंपातही हौशी मंडळी अशीच धावून गेली होती. गर्दीतून एकच आवाज वेगळा ओळखणे, थोडक्या शब्दांत बोलणे, ऐकले तेवढेच लिहिणे, हे सारे गुण त्यांनी संकटाच्या दिवशी नव्याने शिकले नव्हते.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, आमच्या केंद्रास त्या स्पर्धेत मोठा क्रमांक लाभला नाही. परंतु आमच्यातील तिघे आता परीक्षेची तयारी करीत आहेत, आणि ज्याने ती ओळ खोडली तो त्यांत पहिला आहे. तुमच्यापैकी ज्यांस ही विद्या हवीशी वाटेल, त्यांनी महागड्या यंत्राची वाट पाहत बसू नये. प्रथम एखाद्या परवानाधारकाजवळ बसून ऐकण्यास शिकावे. बोलण्याचा अधिकार त्यामागून येतो.