सर्व्हरमध्ये रेड लावताय? आधी एक डिस्क काढून बघा!



माझ्या ओळखीच्या एका होलसेल व्यापाऱ्याने दुकानासाठी सर्व्हर घेतला. दोन डिस्क, रेड १. मला म्हणाला, "सर, आता डेटाची चिंता मिटली." काही महिन्यांनी बिलिंगच बंद पडलं. बघतो तर काय, एक डिस्क आधीच गेलेली! सर्व्हरवर नारिंगी दिवा लागत होता, पण तिकडे कुणी पाहिलंच नाही. दुसरीही गेली, तेव्हा कळलं. बॅकअप नव्हता. कुणाकडून किती येणं आहे, हे बिचारा गिऱ्हाइकांनाच विचारत फिरला.

म्हणून आजचा धडा: रेड नुसतं लावायचं नाही, तर डेटा भरण्याआधी त्याचा सराव करायचा.

कुठलं रेड घ्यायचं? प्रत्येक डिस्क १ टीबीची धरू.
- रेड ०: २ डिस्क, जागा २ टीबी. एक गेली की सगळं गेलं. धंद्याच्या डेटासाठी नको.
- रेड १: २ डिस्क, जागा १ टीबी. दोन्हीवर सारखाच डेटा. छोट्या दुकानाला पुरेसं.
- रेड ५: ३ डिस्क, जागा २ टीबी. कुठलीही एक गेली तरी काम चालू.
- रेड १०: ४ डिस्क, जागा २ टीबी. वेग चांगला, खर्च जास्त.

कसं लावायचं? उदाहरण म्हणून डेलचा जुना पर्क कंट्रोलर घेऊ. इतर कंपन्यांची बटणं वेगळी असतात. सुरू होताना स्क्रीनवर दिसतात.
१. सर्व्हर सुरू करा. कंट्रोलरचं नाव दिसलं की कंट्रोल आणि आर एकत्र दाबा. (मशीन यूईएफआय मोडमध्ये असेल, तर एफ२ दाबून सिस्टीम सेटअप, मग डिव्हाइस सेटिंग्ज.)
२. कंट्रोलरच्या नावावर जाऊन एफ२ दाबा आणि नवी व्हर्च्युअल डिस्क तयार करा.
३. रेडचा प्रकार निवडा, डिस्कवर खूण करा, नाव द्या.
४. इनिशियलाइझ करा. सावधान! डिस्कवरचा जुना डेटा इथे जातो.

आता सराव. सर्व्हर अजून रिकामा आहे. चालू असताना काढता येणाऱ्या डिस्क असतील, तर एक बाहेर काढा. दिवा कसा बदलतो ते बघा. युटिलिटीत 'डिग्रेडेड' दिसेल, म्हणजे काम चालू, पण संरक्षण संपलं. डिस्क परत बसवा आणि रिबिल्ड पूर्ण होईपर्यंत थांबा. किती तास लागले, वहीत लिहा.

आणखी एक शब्द पाठ करा: 'फॉरेन'. कंट्रोलर बदलला की जुन्या डिस्क अशा दिसू शकतात. तिथे दोन पर्याय असतात. 'इम्पोर्ट' केलं तर जुनी मांडणी परत येते. 'क्लिअर' केलं तर ती मांडणीच पुसली जाते. घाबरून क्लिअर दाबू नका!

शेवटचं. रेड म्हणजे बॅकअप नाही. चुकून डिलीट केलेली फाईल दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी जाते. रोजचा बॅकअप वेगळ्या जागी हवाच.

आजचा गृहपाठ: दुकान उघडताना दिवाबत्ती करता ना? तेव्हाच सर्व्हरच्या दिव्याकडेही एक नजर टाका. रोज!