साध्या वाराचे फोटो

लहान मुलांचे घरातले फोटो काढायला मी शिकले ते वडिलांच्या आग्फा क्लिक थ्रीवर. बडोद्याला बनणारा हा साधा कॅमेरा तेव्हा पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत असे. १२० चा रोल, त्यात १२ फोटो. रोल विकत आणणं, धुऊन घेणं, छापून घेणं हा सगळा खर्च, त्यामुळे बारसं, वाढदिवस, दिवाळी अशी त्या बारांची वाटणी आधीच होऊन जायची. पुढे ३५ मिमीचा कॅमेरा आला आणि आता नातवंडांचे फोटो बहुतेक मोबाइलवरच निघतात. इतकी वर्षं हे केल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. सणावाराचे फोटो कुणी ना कुणी काढतंच, पाहुण्यांतले चार जण मोबाइल घेऊन उभेच असतात. मंगळवारी सकाळी घर कसं होतं, हे मात्र घरातल्या माणसानेच टिपलं तर टिपलं जातं.

१. आधी उजेड बघा, मग मूल

आपल्या घरात कोणत्या वेळी कुठे उजेड येतो हे ज्याला पाठ आहे, त्याचं अर्धं काम झालं. साताऱ्याच्या आमच्या जुन्या घरात ओसरीचा उंबरठा ही हक्काची जागा होती. डोक्यावर छप्पर, समोर मोकळं अंगण, त्यामुळे चेहऱ्यावर मऊ उजेड आणि डोळ्यांत अंगणाची चमक. फ्लॅटमध्ये तेच काम गॅलरीचं दार करतं. मुलाला दारापासून हातभर आत बसू द्या, तोंड उजेडाकडे असू द्या आणि तुम्ही बाजूला भिंतीला टेका. मूल दोन पावलं आत सरकलं तरी उजेड झपाट्याने कमी होतो. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला लगेच कळतं. ऊन थेट अंगावर येत असेल तर खिडकीला जुनी पांढरी साडी लावा.

आणि दिवसा खोलीतले दिवे बंद करा. खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा. दोन्ही मिसळले की मुलाचा एक गाल आजारी माणसासारखा दिसतो आणि मागाहून तो दुरुस्त करणं फार कटकटीचं असतं.

२. खाली बसा

रांगणाऱ्या मुलाचा फोटो उभ्याने काढला तर टाळू आणि फरशी मिळते. पोटावर झोपा. मग त्याचं घर दिसू लागतं: पलंगाखाली गेलेला चेंडू, टेबलाचे पाय, आजोबांच्या चपला.

३. हाक मारू नका

“इकडे बघ, हस पाहू” म्हटलं की मूल हातातलं काम टाकतं आणि दात दाखवतं. तो फोटो कुणाच्याही घरातला असू शकतो.

माझी नात तीन वर्षांची असताना थंडीत पणजीशेजारी बसून मटार सोलायची. अंगठ्याला एवढी ताकद नाही, म्हणून शेंगेचं टोक दातांनी तोडायची, मग दोन्ही हातांनी शेंग पिळायची. पिळताना जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर यायची. शेंग फुटली की एखादा दाणा टणकन ताटाबाहेर उडायचा, तो हुडकायला ती उठायची, परत येऊन पणजीच्या मांडीला पाठ लावून बसायची. मी समोर सुपारी कातरत असल्यासारखी निवांत बसले होते, मोबाइल गुडघ्यावर टेकवलेला. सुरुवातीला ती सारखी माझ्याकडे बघत होती. मी काही बोलले नाही, तेव्हा थोड्या वेळाने विसरली. त्यानंतरचे फोटो खरे. त्यांत तिचा चेहरा एकातही पूर्ण दिसत नाही, तरी घरातल्या प्रत्येकाला त्यांतलाच फोटो हवा असतो, कारण त्या जिभेसकट ती त्यात आहे.

कामात गढलेल्या मुलाच्या शेजारी बसायला वेळ लागतो. तेवढा वेळ नसेल तर त्या दिवशी फोटो नाही काढला तरी चालेल.

४. हलणाऱ्या मुलाला वेग लागतो

शांत बसलेल्या मुलाला शटरचा वेग सेकंदाचा १२५ वा भाग पुरतो, खेळणाऱ्याला २५० वा, धावणाऱ्याला ५०० वा. घरात एवढा वेग मिळवायचा तर उजेड कमी पडतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी झूम लेन्स पुढे ओढली की बहुधा एफ/५.६ वर येते, म्हणजे तिचं तोंड बारीक होतं. त्याच्याशी तुलना केली तर ५० मिमी एफ/१.८ ही लेन्स नऊ-दहापट उजेड आत घेते आणि ती बाजारातल्या स्वस्त लेन्सांपैकी आहे. घरातल्या फोटोंसाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर मी तीच सांगेन. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १६०० किंवा ३२०० पर्यंत खुशाल वाढवा. फोटो जरा दाणेदार येईल, त्याने काही बिघडत नाही. चेहरा हलला तर मात्र तो गेलाच.

रात्रीच्या फोटोंवर आडवे काळे पट्टे येत असतील तर दोष दिव्याचा असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेचसे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. वेग १/१०० किंवा १/५० वर आणला की पट्टे जातात.

५. बोरनहाणाला मोबाइलचं ऐकू नका

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांतलं बोरनहाण हा लहान मुलांच्या फोटोंसाठी सर्वांत सुंदर आणि सर्वांत अवघड प्रसंग. काळा झबला, त्यावर पांढऱ्या हलव्याचे दागिने. काळं कापड बघून कॅमेऱ्याला वाटतं की अंधार आहे. मग तो सगळंच उजळ करतो आणि हलवा, मुकुट, गाल पांढरेफटक होऊन जातात. मोबाइलवर मुलाच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, नेम तिथे पक्का झाला की बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा. झबला काळाच राहू द्या, हलव्याचा काटा दिसला पाहिजे.

बोरं, चुरमुरे, उसाचे करवे डोक्यावरून ओतले जातात तो क्षण तर टिपाच. पण लगेच कॅमेरा खाली ठेवू नका. ते वेचायला गोळा झालेली पोरं, त्यांचे ओचे आणि मधोमध गोंधळून बसलेलं उत्सवमूर्ती बाळ, ही खरी मजा त्यानंतरच्या मिनिटभरात असते.

६. हात

घरच्या फोटोंत चेहरे फार आणि हात फार कमी असतात, असं मला वाटतं. मूल वाढतं ते हातांवर.

आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी न्हाणीघरात पाटावर पाय पसरून बसत, बाळाला नडग्यांवर पालथं घेत. आधी कोमट तेल. डाव्या हाताचा पंजा बाळाच्या छातीखाली, उजवा मानेपासून टाचेपर्यंत एका लयीत उतरणारा. मग डाळीचं पीठ आणि साय. पाणी ओततानाही एक हात कपाळाशी आडवा, म्हणजे डोळ्यांत थेंब जाणार नाही. बाळ आधी रडायचं, कोमट पाण्याची धार पाठीवर पडली की एकदम गप्प व्हायचं. शेवटी दुपट्यात गुंडाळून शेगडीपाशी ओवा-वावडिंगाची धुरी.

मी कॅमेरा घेऊन दारात उभी राहिले तेव्हा मावशी म्हणाल्या, “ताई, माझा नका काढू, हात तेलाचे आहेत.” मी म्हटलं, हातांचाच काढायचा आहे. थंड लेन्सवर वाफ धरते म्हणून कॅमेरा आधीच तिथे आणून ठेवला होता आणि आत न जाता दारातूनच फोटो काढले. एका फोटोत बाळाची पाठ आणि त्यांचे दोन पंजे एवढंच आहे, पंजांच्या शिरा आणि बांगड्यांवरचं पीठसुद्धा. त्याची मोठी प्रत मी त्यांना दिली. तुमच्या घरी मुलाला सांभाळणारी, भरवणारी, शाळेत सोडणारी जी कुणी असेल, तिचा फोटो काढा आणि त्याची प्रत तिला द्या. मुलाच्या बालपणावर तिचाही हक्क आहे.

७. मागचं घर पुसू नका

पाठीमागचं सगळं धूसर करायची हल्ली फार हौस आहे. मोबाइल ती धूसरता गणिताने तयार करतो, त्यात बरेचदा भुरभुरते केसही कापले जातात. माझं म्हणणं वेगळं आहे. मागचा पसारा राहू द्या. माझ्या थोरल्याचा परसातला एक फोटो आहे, त्याच्या मागे तांब्याचा बंब आणि बंबाशेजारी गोवऱ्यांची पाटी. आज सगळे आधी तो बंबच बघतात, कारण घर विकलं तेव्हा बंबही गेला.

उमरावसिंग शेरगिल हे याचं मोठं उदाहरण. संस्कृत-फारसीचा हा अभ्यासक (१८७०–१९५४) छायाचित्रणाच्या धंद्यातला नव्हता. पण त्याने अनेक दशकं स्वतःचे, पत्नीचे आणि अमृता व इंदिरा या दोन मुलींचे घरातले फोटो काढले. अमृता पुढे मोठी चित्रकार झाली. तिचं बालपण, त्या घरातले गालिचे, पियानो, कपडे आज आपल्याला दिसतात ते वडिलांच्या या छंदामुळे. इंदिराचा मुलगा विवान सुंदरम याने २००१ च्या सुमारास याच फोटोंतून ‘री-टेक ऑफ अमृता’ ही मालिका उभी केली. घरच्या फोटोंना असं दुसरं आयुष्य मिळतं, पण त्यासाठी ते आधी कुणीतरी काढलेले आणि जपलेले असावे लागतात.

८. कॅमेरा मुलांनाही द्या

फ्रान्सचा झाक-आँरी लार्तिग सात-आठ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला कॅमेरा दिला. जिन्यावरून उडी मारणारी नात्यातली बहीण, पतंग, मोटारी, घरातली मंडळी असं सगळं त्याने पोरवयातच टिपलं. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा तो सत्तरीला आला होता. मोठ्या माणसाला ती उडी तशी दिसलीच नसती. माझा नातू माझे फोटो काढतो तेव्हा त्यांत माझ्या साडीचा काठ, ओट्याची खालची बाजू आणि वरून वाकलेला माझा चेहरा येतो. त्याच्या उंचीवरून मी कशी दिसते हे मला दुसरं कुणी दाखवू शकलं नसतं.

९. बाहुली पांढरी दिसली तर

हे प्रत्येक आई-बापाला ठाऊक हवं. फ्लॅशच्या फोटोत डोळे लाल दिसणं नेहमीचं आहे. पण एक डोळा लाल आणि दुसऱ्याची बाहुली पांढरी किंवा पिवळसर चमकत असेल, तर तो फोटो घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. कधीकधी कॅमेऱ्याच्या कोनामुळेही तसं दिसतं. पण लहान मुलांतला मोतीबिंदू किंवा रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कर्करोग, जो बहुधा पाच वर्षांच्या आत होतो, त्याची ती खूण असू शकते. कित्येक मुलांच्या बाबतीत ती पहिल्यांदा घरच्या फोटोतच दिसते. वेळेवर कळलं तर उपचार आहेत. वाट बघू नका.

१०. सगळ्यांना सगळं पाठवू नका

अंघोळीचे, उघड्या अंगाचे, रडण्याचे फोटो घराबाहेर जाता कामा नयेत, नातेवाइकांच्या ग्रुपवरसुद्धा नाही. तिथून ते कुठे जातात यावर आपला ताबा राहत नाही. शाळेचा गणवेश, सोसायटीची पाटी दिसेल असा फोटो सर्वांसमोर टाकू नका आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाणाची नोंद बंद ठेवा. मूल पाच-सहा वर्षांचं झालं की पाठवण्याआधी त्याला विचारा. ते नाही म्हणालं तर नाही. माझी नात एकदा पुढचे दोन दात पडलेला फोटो पाठवू देईना. तो आजही घरातच आहे.

ज्यांना पाठवायचा त्यांना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीच्या पद्धतीने फोटो लहान होऊन जातो आणि छापायला गेलं की अंधूक निघतो.

११. छापा

मोबाइल पडतो, हरवतो, खात्याचा पासवर्ड आपण विसरतो. दर दिवाळीला वर्षभरातले थोडे फोटो निवडा आणि ४ × ६ इंचात छापून घ्या. त्याला १२०० × १८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे आजचा कोणताही मोबाइल चालतो. निवडताना दर सणाच्या फोटोमागे एक साध्या वाराचा फोटो असू द्या.

चिकट पानांचे अल्बम टाळा, त्यातला गोंद फोटो पिवळे करतो आणि काढायला गेलं की फोटो फाटतो. फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची पट्टी घाला, नाहीतर पावसाळ्यात फोटो काचेलाच चिकटतो. लेन्सलाही त्या दिवसांत बुरशी धरते, म्हणून कॅमेरा कपाटातल्या कापडी पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा. कोण, कुठे, कधी, आणि जमलं तर काय चाललं होतं तेही. मटारच्या फोटोमागे मी पणजीचं पूर्ण नाव आणि गाव लिहून ठेवलं आहे. जुने रोल घरात असतील तर निगेटिव्ह टाकून देऊ नका. छापील प्रत फिकी झाली तरी निगेटिव्ह बरेचदा शाबूत असते. गावातल्या जुन्या स्टुडिओत विचारा, काही जण ती अजून स्कॅन करून देतात.