अमेरिकेतील कापसाची सबसिडी आणि आपल्या सुताचा भाव

सूत महागले की आपले यंत्रमागधारक बंधू दलालाला किंवा सूतगिरणीला दोष देतात. पण रुईच्या भावाची एक दोरी फार दूर, अमेरिकेतील पश्चिम टेक्सासमध्ये बांधलेली आहे. तेथील डॉसन काउंटीचेच उदाहरण घ्या. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका किंवा जिल्हा. लमेसा हे तिचे मुख्य गाव. जमीन सपाट, पाऊस कमी आणि मुख्य पीक कापूस.

तेथील शेतकरी आपली जमीन आणि पीक सरकारी कार्यालयात नोंदवतो. काउंटीच्या कमिटीवर शेतकरीच शेतकऱ्यांना निवडून देतात. पैसा मात्र केंद्र सरकारचा.

हा पैसा कसा मिळे, ते 2002 च्या कायद्यावरून समजून घेऊ. रुई तारण ठेवून पौंडामागे 52 सेंट कर्ज मिळे. समजा जागतिक भाव 32 सेंटवर आला, तर शेतकऱ्याने 32 सेंटच्या दराने कर्ज फेडायचे. वरचे 20 सेंट त्याचे. 480 पौंडांच्या गाठीमागे हे 96 डॉलर झाले. शिवाय जुन्या नोंदीच्या क्षेत्रावर पौंडामागे 6.67 सेंट थेट मदत होती, आणि भाव फारच पडल्यास आणखी 13.73 सेंटपर्यंत भरपाई. सर्व मिळून 72.4 सेंट! आपल्या खंडीच्या हिशेबात पौंडामागे 1 सेंट म्हणजे सुमारे 7.84 डॉलर. बंधूंनी स्वतःच गुणाकार करून पाहावा.

आता याचा परिणाम पाहा. 2001-02 च्या हंगामात जागतिक भाव सरासरी 42 सेंटच्या आसपास होता. 1996 च्या कायद्यातही तारणाचा दर जवळपास 52 सेंटच होता. त्यामुळे एवढ्या मंदीत 2001 साली अमेरिकेने 2 कोटी गाठींहून अधिक कापूस पिकवला. भाव पडला की पेरा कमी व्हावा, हा बाजाराचा साधा नियम. तो तेथे चालला नाही. माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड येथील गरीब शेतकऱ्यांना त्याचा मार बसला, आणि विदर्भ-खानदेशालाही. पैसा क्षेत्राच्या नोंदीला चिकटलेला असल्यामुळे तेथे जमिनीचा खंड वाढतो आणि कसणाऱ्याच्या हातातील वाटा मालकाकडे जातो, हेही ध्यानात ठेवावे.

गंमत अशी की अमेरिकन रुई घेणाऱ्या गिरण्यांना आणि निर्यातदारांनाही वेगळी रक्कम मिळत असे. ब्राझीलने 2002 साली जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि 2005 मध्ये अपिलातही ती जिंकली. 2006 साली ही रक्कम बंद झाली. बाकीचा वाद चालूच राहिला. 2014 मध्ये अमेरिकेने 30 कोटी डॉलर देऊन तो मिटवला. त्याच वर्षी थेट मदतही गेली. पण 2018 मध्ये सरकीसह कापसाला पौंडामागे 36.7 सेंटचा आधारभाव मिळाला, आणि 2025 च्या कायद्याने तो 42 सेंट केला. नाव बदलले, हात तोच.

मालेगाव-भिवंडीच्या माणसाला स्वस्त रुई गोड वाटते. परंतु आपले धोतर, लुंगी आणि साडी घेणारा बराचसा गिऱ्हाईक खेड्यातलाच आहे. त्याच्या कापसाला भाव नसेल तर ठाण दुकानातच पडून राहतो. सरकारची आयात जकात याच ओढाताणीत वरखाली होते. 2021 साली कापसावर सुमारे 11 टक्के जकात बसली. ऑगस्ट 2025 मध्ये ती काही महिन्यांसाठी उठवण्यात आली.

म्हणून सुताचा साठा करणाऱ्याने मंदीत घाई करू नये. भाव पडला म्हणून अमेरिकेचा पेरा लगेच घटेल आणि तेजी येईल, असे धरून चालू नये. तेथील पीक एकदम खाली येते ते बहुधा दुष्काळाने. 2022 मध्ये टेक्सासमधील निम्म्याहून अधिक पेरा सोडून द्यावा लागला होता. अमेरिकेचे कृषी खाते मार्चअखेरीस पेऱ्याचा अंदाज जाहीर करते. तो आकडा आणि पश्चिम टेक्सासचा पाऊस, या दोन गोष्टी पाहूनच मोठा सौदा करावा.