इंग्रजीच्या परीक्षेत मत मांडताना

बोदवडसारख्या तालुक्याच्या गावी मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यालाही आज परदेशी विद्यापीठाची वाट मोकळी आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मात्र तिच्यासाठी विद्यापीठाचा प्रवेश हाती असावा लागतो, आणि प्रवेशासाठी अनेक विद्यापीठे ‘आयईएलटीएस’सारख्या इंग्रजी परीक्षेतील गुण मागतात.

या परीक्षेत लेखनासाठी ६० मिनिटे असतात. दुसऱ्या प्रश्नात अनेकदा एखादे विधान देऊन उमेदवार त्याच्याशी कितपत सहमत आहे, असे विचारले जाते. उत्तर किमान २५० शब्दांचे असावे लागते. पहिल्या प्रश्नापेक्षा याचे वजन दुप्पट असल्याने यास सुमारे ४० मिनिटे द्यावीत, हे उचित.

आपला विद्यार्थी येथे अडखळतो तो केवळ व्याकरणामुळे नव्हे. शाळेतील निबंधात भारदस्त प्रस्तावना करावी, दोन्ही बाजू सारख्याच गौरवाव्यात आणि निर्णय टाळावा, असे वळण त्यास लागलेले असते. (शासकीय टिपणी लिहिणाऱ्या आम्हा मंडळींना तर हे वळण विशेष परिचयाचे!) परीक्षक मात्र प्रश्नाला दिलेले उत्तर, मांडणीतील सुसंगती, शब्दसंपत्ती व व्याकरण या चार अंगांनी गुण देतात. मत कोणते, यास गुण नाहीत. ते स्पष्ट आहे काय आणि अखेरपर्यंत टिकते काय, हे पाहिले जाते. पाठ केलेला निबंध तर हमखास ओळखला जातो.

समजा, विधान असे आहे : ‘शासनाने रस्त्यांपेक्षा पाण्यावर अधिक खर्च करावा.’ बोदवडच्या मुलास यासाठी परक्या देशाचा दाखला शोधण्याचे कारण नाही. पाणीटंचाई त्याने पाहिली आहे. ‘पाणी म्हणजे जीवन’ असे लिहून तो काहीच सिद्ध करीत नाही. पाणी दूर असले की घरातील मुलीचा सकाळचा वेळ हंड्यामागे जातो, ती शाळेत उशिरा पोहोचते, असे लिहिले की कारण आणि परिणाम जोडले जातात. विरुद्ध पक्ष म्हणेल, टँकरही रस्त्यानेच येतो. हा आक्षेप लपवू नये. तो मान्य करून उत्तर द्यावे की, गावातच पाणी साठले तर टँकरची गरजच कमी होईल. वाचकाचे मन वळते ते अशा ठिकाणी.

शिक्षकांनी असा एक विषय आधी वर्गात मराठीतून वादास घ्यावा. मग प्रत्येकाने आपले मत एका वाक्यात व त्याची दोन कारणे इंग्रजीत फळ्यावर लिहावीत. पूर्ण उत्तर दुसऱ्या दिवशी, घड्याळ लावून.