उवा पुन्हा पुन्हा का होतात?

प्रश्न : मुलगी तिसरीत आहे. औषध लावलं की आठवडाभर बरं, मग पुन्हा उवा. सासूबाई रॉकेल लाव म्हणतात. केस कापावेत का? – एक आई, मलकापूर (जि. कोल्हापूर)

उत्तर : केस राहू द्या, रॉकेल मात्र डोक्याजवळही आणू नका. टाळू भाजते, पेट घेण्याची भीती वेगळीच. शेतातली कीटकनाशकं तर जिवावर बेततात.

औषधाने ऊ मरते, पण केसाला चिकटलेली लीख बऱ्याचदा वाचते आणि 7 ते 10 दिवसांत फुटते. म्हणून 1 टक्का परमेथ्रिनचं लोशन धुऊन पुसलेल्या केसांना 10 मिनिटं लावा, धुवा आणि नवव्या दिवशी तेच पुन्हा करा. हा दुसरा हात बहुतेक घरांत राहून जातो.

खरं काम फणीचं. ओल्या केसांना कंडिशनर चोपडा, बटा वेगळ्या करा, मुळापासून टोकापर्यंत फणी ओढा आणि दरवेळी पांढऱ्या फडक्यावर पुसा. कानामागे, मानेवर जास्त वेळ द्या. दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे. घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी बघा, सासूबाईंचंही.

तुमच्याकडच्या, शाहूवाडीच्या पावसात केस ओले राहतात म्हणून उवा होतात, हे खरं नाही. डोक्याला डोकं लागलं की त्या चढतात, उडत नाहीत. डोक्याबाहेर दोन दिवसांत मरतात, तेव्हा उशीचे अभ्रे आणि रिबिनी गरम पाण्यात धुतल्या की पुरे. शाळा बुडवू नका.

टाळूवर पू झाला, मानेत गाठी आल्या किंवा मूल दोन वर्षांखालचं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.